चौथी आलेली ताई

माझ्या लग्नात, भर मांडवात, ताईनं नवऱ्यामुलाच्या काखेत हात घातले आणि त्याला मुंडावळ्यांसकट उचललं. भटजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला. बाजारात कलिंगड हातावर तोलून बघतात तसं तिनं त्याला जरा वर धरलं, मग अलगद पाटावर ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चालेल गं. हलका आहे, पण उचलल्यावर हात-पाय झाडले नाहीत त्यानं. स्वभाव चांगला असेल."

तिच्या या परीक्षेवर माझा तेव्हाही विश्वास होता, आणि आता संसाराला इतकी वर्षं झाल्यावर तर आहेच.

तिला आवडलेल्या माणसाला ती उचलायची. नमस्कार, हस्तांदोलन हे बाकीच्यांसाठी. आमच्या व्यायामशाळेचा गुरखा, तिच्या ऑफिसातल्या निवृत्त होणाऱ्या मोठ्या बाई, इंदूरहून आलेल्या मामी, सगळे कधी ना कधी तिच्या हातांवर चढून आले होते. मामी वर गेल्यावर ओरडल्या, "अगं सोड, चक्कर येते!" तर ही खालून म्हणते, "मामी, श्वास घ्या आधी. श्वास रोखला की माणूस जड होतो."

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही, शिवाय उज्जैनला तिला नावानं कोणी ओळखतही नव्हतं. वयानं मोठे लोकसुद्धा तिला ताईच म्हणायचे. फ्रीगंजमध्ये पोहेवाल्याकडे उभं राहून "ताई आली होती का?" एवढंच विचारावं, तो लगेच सांगायचा, "अभी निकली हैं, दो प्लेट खा के."

आमची ओळख मल्लखांबापासूनची. उज्जैनला मल्लखांबाचं वेड मोठं. मराठी घरांतल्या मुलींना संध्याकाळी तिकडेच पाठवत. गणपतीत आमच्या व्यायामशाळेच्या मुली मनोरा करायच्या. मी सगळ्यांत बारकी, म्हणून टोकावर उभी राहून झेंडा धरायचे. फोटोत मी. टाळ्या मला. ताई माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी आणि अंगानं भक्कम. ती नेहमी खालच्या ओळीत, मध्यभागी. फोटोत तिचं फक्त कपाळ दिसायचं, तेही कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्यामागे.

एका गणपतीनंतर तिनं सरांना सांगितलं की मला आता खाली उभं राहायचं नाही. सर म्हणाले, "वर चढणार का मग?" तशी ती म्हणाली, "नाही. पण या पोरींपेक्षा ते लोखंड बरं. ते खाली ठेव म्हटलं की खाली तरी राहतं. या खांद्यावर चढल्या की उतरतच नाहीत, वर गप्पा मारत बसतात."

कोपऱ्यात मुलांचा वेटलिफ्टिंगचा एक बार आणि गंजक्या प्लेटा पडलेल्या असायच्या. ताई तिकडे गेली. तिच्या मागोमाग काही महिन्यांनी मीही गेले, कारण ती खालून निघून गेल्यावर मनोऱ्यात काही राम उरला नव्हता आणि मला वर उभं राहायची भीती वाटायला लागली होती.

तिच्या घरी यावरून बरंच रामायण झालं. तिच्या घराण्यातले लोक म्हणे दरबारात दफ्तरदार होते. तिची आत्या हे कोणालाही, अगदी दूधवाल्यालासुद्धा ऐकवायची. "आपल्या घरात लेखणी उचलायची पद्धत आहे, लोखंड नाही," असं आत्या म्हणाली, तेव्हा ताईनं शांतपणे विचारलं, "आणि ती दफ्तरं कोण उचलायचं, आत्या? मी त्याच्या वंशातली समजा."

तिचे बाबा बँकेत होते. शिडशिडीत, अतिशय सभ्य, स्वतः पाण्याची बादली उचलताना दोनदा थांबणारे. मुलीचं काय चाललंय ते त्यांना फारसं कळत नव्हतं, पण त्यांना त्याचा विलक्षण आनंद होता. रोज संध्याकाळी ते व्यायामशाळेच्या कट्ट्यावर येऊन बसायचे, आणि तिनं बार डोक्यावर नेला की नकळत स्वतःचा श्वास रोखायचे. आई मात्र कधी आली नाही. आईचं प्रेम सगळं रविवारी निघायचं. रविवारी सकाळी ती ताईला पाटावर बसवायची, खोबरेल कोमट करून तिच्या केसांत जिरवायची आणि घट्ट वेणी घालायची. ताईची वेणी कमरेखाली यायची, मनगटाएवढी जाड. "एवढं एकच काय ते बाईसारखं आहे," असं आई म्हणायची, पण म्हणताना वेणीवरून हात फिरवत असायची.

ताई बारशी बोलायची. बारसमोर उभी राहिली की पंजांना पांढरी पावडर चोळायची, वाकून बार धरायची आणि आई मुलांना शाळेसाठी उठवते त्या सुरात म्हणायची, "चला, उठा आता. उन्हं आली." मग झटका. राष्ट्रीय शिबिरात एका मोठ्या प्रशिक्षकांनी तिला विचारलं की ये क्या मंत्र है. ती म्हणाली, "मंत्र नहीं सर, मराठी है. हिंदी में बोलूँ तो बहस करता है."

तिची काही ठाम मतं होती. लिफ्ट चुकली तर बारला शिव्या देऊ नयेत, त्याला काही माहीत नसतं. रडायचं असेल तर पावडर पुसून रडावं, नाहीतर डोळे चुरचुरतात. वजनगट हा देवानं नाही, कमिटीनं केलेला असतो, म्हणून त्याच्याशी श्रद्धेनं वागू नये. आणि उपाशीपोटी कोणतीही मोठी गोष्ट ठरवू नये. लग्न तर नाहीच.

हे शेवटचं मत तिनं फार किंमत देऊन मिळवलेलं होतं. त्या प्रसंगाकडेच यायचं आहे.

आम्ही दोघी एकदाच एका भारतीय संघातून परदेशी गेलो. आशियातल्या देशांची स्पर्धा होती, एका कडाक्याच्या थंड शहरात. माझा गट सगळ्यांत हलका. माझी स्पर्धा आदल्या दिवशी झाली आणि मी शेवटून दुसरी आले. शेवटची होती तिला ताप होता. ताई रात्री माझ्या पलंगावर बसून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको. त्या तापवालीला तू व्यवस्थित हरवलंस." मला हसू आलं आणि मी झोपले. ती मात्र रात्रभर प्लॅस्टिकचं जाकीट घालून हॉटेलच्या बोळात चालत होती, घाम काढायला. तिचं वजन उतरत नव्हतं.

वजन द्यायला तासभर मिळतो. त्या तासात कितीही वेळा काट्यावर चढता येतं, पण तास संपला की संपलं. सकाळी ताई काट्यावर चढली तेव्हा तिच्या गटाच्या मर्यादेपेक्षा जवळजवळ पाव किलो जास्त निघालं. तिनं दोरीवरच्या उड्या मारल्या, भांड्यात थुंकून थुंकून तोंड कोरडं केलं, अंगावरचं सगळं उतरवून पुन्हा चढली. अजून जास्तच. आमच्या संघाच्या बाई हताश होऊन भिंतीला टेकल्या. तेवढ्यात ताईनं पाठीवरची वेणी पुढे घेतली, हातात तोलली आणि मला म्हणाली, "कात्री आण."

"ताई, आई काय म्हणेल?"

"आई इथे नाहीये. काटा आहे. आण."

औषधांच्या पेटीतल्या कात्रीनं मी ती वेणी कापली. इतकी जाड की एका फटक्यात कापली जाईना, दोराच्या जाड वळासारखी करकरत होती. ताईनं डोळे मिटले नव्हते, समोर काट्याकडे बघत होती. ती पुन्हा चढली. काटा खाली आला, पण किंचित राहिलाच.

त्याच खोलीत तिच्याच गटातली दुसऱ्या देशाची एक मुलगी वजन देऊन टॉवेल गुंडाळून बसली होती. उंचीनं बेताची, निळसर डोळ्यांची, केस मुलासारखे बारीक. तिनं हा सगळा प्रकार पाहिला होता. ताई बाद झाली असती तर तिचीच एक प्रतिस्पर्धी कमी झाली असती. पण ती मुलगी उठली, स्वतःच्या पिशवीतून केस कापायचं मशीन काढलं, ताईला खांदे धरून स्टुलावर बसवलं आणि सरळ तिचं डोकं भादरायला लागली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. मशीनचा घर्र आवाज तेवढा येत होता. काम झाल्यावर तिनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवून चिकटलेले केस झटकले, जसं घरचं माणूस झटकतं, आणि काट्याकडे बोट केलं.

यावेळी वजन बसलं.

बाहेर पडताना त्या मुलीनं स्वतःची लोकरीची टोपी काढून ताईच्या गुळगुळीत डोक्यावर कानांपर्यंत ओढली. थंडी फार होती.

दोन तासांनी त्याच दोघी तिसऱ्या नंबरासाठी भिडल्या. पहिल्या दोघी खूप पुढे होत्या. स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात बार वर न्यायच्या प्रकारात, ताई किंचित मागे पडली; जर्कमध्ये, जिथे आधी खांद्यावर घेऊन मग वर नेतात, तिनं ते भरून काढायला घेतलं. शेवटच्या लिफ्टवर सगळं येऊन ठेपलं. तिनं बारला उठवलं, खांद्यावर घेतला, थांबली, आणि वर नेला. हात सरळ. बार स्थिर. पंचांचा 'खाली ठेवा'चा इशारा झाला, तिनं बार खाली सोडला. मी ओरडून उडीच मारली. मग दिवे लागले. एक पांढरा आणि दोन लाल. वर जाताना कोपर वाकून पुन्हा सरळ झालं, असं दोन पंचांना दिसलं होतं, म्हणून लिफ्ट बाद.

ताईनं पंचांना नमस्कार केला आणि आत आली. आत येऊन तिनं मला एकच विचारलं, "वाकलं होतं का गं?"

मी खरं ते सांगितलं, "मी डोळे मिटले होते."

"मीही," ती म्हणाली. मग पावडर पुसली आणि रडली. त्या मुलीच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. ताई चौथी.

तिकडे थंडी असली तरी आम्ही उज्जैनला परतलो ते ऐन उन्हाळ्यात. स्टेशनवर बाबा झेंडूचा हार घेऊन उभे होते, सोबत आत्या, चाळीतले लोक, आणि दोन ढोलवाले. गाडी थांबल्या थांबल्या ढोल सुरू झाला. उकाड्यानं हैराण होऊन ताईनं टोपी काढून पिशवीत टाकली होती. ती तशीच दारात आली. उज्जैनला मुंडण केलेलं डोकं म्हणजे काय, ते सांगायला नको. घरचं कुणी गेलेले लोक राम घाटावर रोज तसे दिसतात. ढोलवाल्यांनी आपणहून ढोल थांबवला, एकानं तर डोक्यावरचा फेटाही काढला. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! कोण गेलं गं?"

"पाव किलो गेलं, आत्या," ताई म्हणाली.

बाबांनी हातातला हार सावरला. मग ढोलवाल्यांकडे वळून, जन्मात कधी चढवला नव्हता असा आवाज चढवून म्हणाले, "बंद क्यों किया? बजाओ! चौथी आई है मेरी बेटी!" आणि त्यांनी टाचा उंचावून तिच्या गळ्यात हार घातला. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगायचे, "पूरे एशिया में हमारी लड़की के आगे सिर्फ़ तीन हैं. बस, तीन."

आई स्टेशनवर आली नव्हती. घरी तिनं दार उघडलं, बघितलं आणि आत गेली. जरा वेळानं तेलाची वाटी घेऊन आली. ताई निमूट पाटावर बसली. आईनं तिच्या उघड्या डोक्याला तेल लावलं. बराच वेळ लावत होती. शेवटी म्हणाली, "वेणी तरी आणायचीस. कुठे टाकलीस?" ताईच्या ते लक्षातच आलं नव्हतं. वेणी त्या वजनाच्या खोलीतच राहिली होती. आईला मुलगी चौथी आल्याचं दुःख नव्हतं, डोक्याचंही तितकं नाही. आपण इतकी वर्षं वाढवलेली वेणी परक्या देशात कुणीतरी केरात टाकली असेल, याचं दुःख तिला पुढे खूप दिवस होतं.

त्याच महिन्यात देवासचं एक स्थळ पक्कं व्हायचं होतं. मंडळी आली. मुलाची आई चांगल्या स्वभावाची होती, ताईच्या डोक्याकडे न बघायचा तिनं फार प्रयत्न केला. निघताना म्हणाली, "केस वाढेपर्यंत थांबू या आपण. घाई काय आहे?"

ताई म्हणाली, "काकू, वाढले तरी पुढच्या स्पर्धेला वजन बसलं नाही तर परत काढावे लागतील. आत्ताच सांगून ठेवते."

ती मंडळी परत आली नाहीत. त्या संध्याकाळी ताई व्यायामशाळेत आली, पण तिनं काही उचललं नाही. टावर चौकातून आणलेली जिलेबी तिनं बारच्या शेजारी बसून एकटीनं संपवली. मी जवळ बसले तर म्हणाली, "मुलगा बरा होता. त्याला उचलून बघायचं होतं गं मला." हे ती गमतीनं म्हणाली नव्हती. मी तिचा हात धरला. जिलेबीचा पाक लागून तो चिकट झाला होता.

पुढे तिची कारकीर्द बरीच चालली. चार-पाच देश बघून आली, एकदा लहानशा स्पर्धेत रौप्यही घेऊन आली. पण ती मोठी स्पर्धा पुन्हा वाट्याला आली नाही. मग पाठ गेली. डॉक्टरांनी "आता बास" म्हटल्यावर तिनं त्यांना विचारलं, "म्हणजे माणसंसुद्धा नाही?" डॉक्टर गोंधळले. क्रीडा कोट्यातली नोकरी होती, ती दिवसभर करायची आणि संध्याकाळी मुलींना शिकवायची. मुली तिला घाबरत आणि तिच्याशिवाय राहतही नसत. स्पर्धेआधी कुणी उपाशी राहिलेली दिसली की ती तिला हाताला धरून पोहेवाल्याकडे न्यायची आणि म्हणायची, "वरच्या गटात खेळ. हर, पण खाऊन हर."

बाबा गेले. शेवटच्या आजारपणात नर्सलाही त्यांनी सांगितलं होतं, "सिर्फ़ तीन आगे हैं."

ते गेल्यानंतर दोनेक वर्षांनी ताईला फोन आला. मी तेव्हा तिथेच होते, आठवड्यातून एखादी संध्याकाळ मी व्यायामशाळेत जातेच. पलीकडून कुणी अधिकारी बोलत होते. "मैडम, बधाई हो. आप तीसरी हो गईं."

"कब?"

"वो पुरानी वाली में."

त्या स्पर्धेतले खेळाडूंच्या लघवीचे जपून ठेवलेले नमुने नव्या पद्धतीनं पुन्हा तपासले होते. तिसऱ्या आलेल्या मुलीच्या नमुन्यात ताकद वाढवणारं, बंदी असलेलं औषध सापडलं होतं. तिचं पदक काढून घेतलं, ताईला मिळणार होतं.

मला वाटलं ताई मला उचलेल. तिनं फोन खाली ठेवला, मुलींना म्हणाली, "घरी जा सगळ्या," आणि बारवर प्लेटा चढवायला लागली. पाठ गेलेल्या बाईनं चढवू नयेत इतक्या. मी आडवी गेले. तेव्हा ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "माझं डोकं भादरलं तिनं. टोपी घातली. आणि पोटात काय घेऊन बसली होती! मी दोन थेंब पाण्यासाठी तडफडत होते तेव्हा..." मग आवाज खाली आला. "बाबा होते तेव्हा यायला पाहिजे होतं गं. स्टेशनवर यायला पाहिजे होतं. आता काय करू मी त्याचं?"

मग प्लेटा तिनं एकेक करून उतरवल्या. पुढचे काही दिवस ती कुणाशी नीट बोलली नाही. मुलींना तर वाटलं, आपलंच काही चुकलं.

काही महिन्यांनी पदक आलं, एका साध्या खोक्यात. ऑफिसच्या लोकांनी हौसेनं टावर चौकाजवळच्या सभागृहात समारंभ ठेवला. मुली आल्या, पोहेवाला आला, आणि ज्या आईनं जन्मात कधी स्पर्धा पाहिली नव्हती ती नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. पाहुण्यांनी पदक उचललं आणि ताईच्या गळ्यात घालायला गेले. ते डोक्यातून खाली उतरेना. कपाळावरच अडकलं. लोक हसले. पाहुणेही हसले, आणि फीत उलटी करून बघायला लागले. फितीला मागे गाठ मारून ती आखूड केलेली होती. म्हणजे हे नवं पदक नव्हतंच. तेच होतं, त्या मुलीच्या गळ्यात पडलेलं. तिच्या घरून परत आलेलं.

पाहुणे नखांनी गाठ सोडवू लागले. ताईनं त्यांचं मनगट धरलं. ताईनं मनगट धरलं की माणूस थांबतो.

"रहने दीजिए सर," ती म्हणाली. "किसी बच्चे के गले का नाप है ये."

तिनं पदक हातातच घेतलं, दोन शब्द बोलली आणि खाली येऊन आईशेजारी बसली. मी मागच्या खुर्चीवर होते. आईनं पदक हातात घेऊन उलटसुलट केलं, गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पाच-सहा वर्षांचं असेल लेकरू."

तिथून सगळं बदललं. आठवडाभर ती गाठ ताईच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिच्या एका विद्यार्थिनीनं फोनवर शोधाशोध करून ती बाई हुडकून काढली. ताईनं मराठीत सांगायचं, फोननं त्या भाषेत करायचं. मला वाटलं ताई भांडेल. तिनं एवढंच विचारलं, "पदक कोण घालत होतं?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. फोननं त्याचं मराठी केलं होतं आणि सुरुवात होती, "आदरणीय लोखंडाची बहीण." मुली खुदकन हसल्या. पुढचं वाचून कोणी हसलं नाही. त्या बाईला एक मुलगी होती. ती ते पदक घालून जेवायला बसायची. तिला वाटायचं ते आपलंच आहे. परत मागितलं तेव्हा आईनं तिला सांगितलं की चकचकीत करायला पाठवलंय. आणि शेवटी लिहिलं होतं: प्रशिक्षक सगळ्यांना देत होते. मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. तू जिंकली होतीस.

ताईनं फोन मुलीच्या हातात परत दिला. मग मला म्हणाली, "मी विचारलं असतं का गं? त्या वयात? सरांनी माती दिली असती तर मी मातीसुद्धा खाल्ली असती. आपले सर चांगले होते, एवढंच." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आईचं चुकलं. पण पोरगी रोज विचारत असेल ना, चकचकीत होऊन कधी येणार म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती मला सराफ्यात घेऊन गेली. तिच्या बाबांच्या ओळखीचा एक म्हातारा कारागीर होता, देवांचे चांदीचे टाक घडवणारा. ताईनं त्याला मोठ्या रुपयाएवढं पदक करायला सांगितलं, वर बार उचललेली बाई हवी म्हणाली. तो चष्मा वर करून म्हणाला, "ताई, ऐसा काम मैंने किया नहीं. लिफ्टर मेरे से नहीं बनेगा. हनुमान बन जाएगा, पहाड़ उठाया हुआ."

ताईनं विचार केला. "चलेगा. वो भी हमारी लाइन का ही है."

पदक सुंदर झालं. हनुमानाचे दंड त्यानं असे काढले होते की ताईनं दोनदा निरखून पाहिले. आईनं त्याला लाल फीत लावली, आणि ताईनं त्या गाठीपर्यंतचं माप घेऊन ती बरोबर तेवढीच आखूड शिवून घेतली. मिळालेलं पदक मात्र तिनं घरी ठेवलं, बाबांच्या फोटोखाली. त्याची गाठ अजून तशीच आहे.

पार्सल करायला आम्ही दोघी फ्रीगंजच्या पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाबूंनी पत्ता वाचला, देशाचं नाव पुन्हा वाचलं आणि चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "मैडम, इतनी दूर? वहाँ आपका कौन है?"

ताई अडली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे सांगता येत होतं! मागच्या रांगेतला माणूस घड्याळ बघायला लागला.

"भांजी है," ताई म्हणाली.

बाबूंनी लिहायला घेतलं, आणि मान वर न करता विचारलं, "सगी?"

"हाँ," ताई म्हणाली. "और कैसी होती है?"